पुरावा नाही एक

आमचा शार्दूल अमेरिकेत विश्व जोडायला आलाय. ग्रहतारे ज्या कायद्याने चालतात तो वेगळा, कणाच्या पोटातला वेगळा, आणि दोघांचं पटत नाही म्हणे. दोघांना पुरेल असा एकच कायदा शोधायचा, हा याचा धंदा. बायकोही धंद्यातलीच पसंत केली, चैत्राली. हा म्हणतो, सगळं बारीक तंतूंचं बनलंय, आणि लांबी-रुंदी-उंचीसारख्या मिती तीन नाहीत, चांगल्या दहा आहेत. ती म्हणते, छे, वेटोळ्यांचं. मी त्याची आई, चौथी शिकलेली. मला वाटलं, सूत तर सूत, त्यात भांडायचं काय?

साखरपुडा सनीव्हेलला, चैत्रालीच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये. निम्मे पाहुणे फिजिक्सवाले. जेवायच्या कागदी बश्यांवर गणितं मांडून बसलेले. अंगठीआधी उखाणा हवाच, असं मी ठणकावलं.

शार्दूल ऐटीत उभा राहिला.

"विश्वाच्या मुळाशी तंतूच तंतू,
चैत्रालीचं नाव घेतो, मनात नाही किंतु."

त्याच्या तंतूवाल्या गटाने टाळ्या पिटल्या. चैत्राली गोड हसली. मी ओळखलं, आता चावणार.

"दहा मितींचे इमले, पुरावा नाही एक,
नाव घेते शार्दूलचं, शोभनाबाईंचा लेक."

आता तिच्या गटाच्या शिट्ट्या. आमच्या विद्वानाने अंगठीची डबी सरळ खिशात घातली.

"हे विथड्रॉ कर."

"आधी पुरावा दे."

"तुमच्याकडे आहे?"

"आम्ही निदान मिरवत तरी नाही!"

चैत्रालीची आई पदर डोळ्यांना लावून बसली. जमलेलं लग्न पेढ्यांसमोर मोडायला निघालं होतं, आणि फिजिक्सवाले कुणाचं बरोबर यावर वाद घालत होते.

"शार्दूल, डबी काढ," मी म्हटलं.

"आई, तिने माझ्या सगळ्या कामाचा इन्सल्ट केलाय!"

"केला. आणि चारचौघांत माझं नाव घेतलं. तुझ्या बाबांनी जन्मात एक उखाणा घेतला, त्यात दारची म्हैस होती, मी नव्हते. ही सून मला हवी. तुला जमत नसेल तर सांग, मी तिच्यासाठी दुसरा मुलगा बघते."

डबी निघाली. अंगठी मात्र पेरावरच अडली.

"माप घेतलं नव्हतंस?" चैत्रालीने विचारलं.

"अंदाज केला होता." तो पुटपुटला. "कागदावर फार सुंदर बसत होता."

चैत्राली इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग तोही हसला, जरा उशिराच.

मी किचनमधून भांड्यांचा साबण आणला. विश्वाचं काय ते त्यांचं त्यांनी बघावं. अंगठी मी बसवली.