पिकअपच्या मागे

पुढच्या पिकअपने उडवलेल्या धुरळ्यात लॅन्सीने गाडी घातली. चाऱ्याचे गठ्ठे लादलेला तो पांढरा पिकअप वाळूच्या उंचवट्यापाशी डावीकडे वळला, म्हणून लॅन्सीही वळला.

“अरे, पण तुला परत हायवेला जायचा रस्ता माहीत आहे का?” डोरोथीने विचारलं.

“मला कुठून? त्याला आहे ना! असा पिकअप दिसला की डोळे मिटून मागे लागायचं.”

रोज शारजाहून दुबईला जाता-येता ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाचं हे शहाणपण. एक्झिटजवळ एखादा खटारा पिकअप भलत्याच गल्लीत घुसला, की लॅन्सी बिनधास्त त्याच्या मागे घुसायचा आणि ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचायचा. इथे मात्र गल्ली नव्हती, फोनला रेंज नव्हती, आणि ऑफिसातल्या धनंजयकडून मागून आणलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची सवयही नव्हती.

उम्म अल कुवैनच्या आतल्या बाजूला जाऊन एकदा वाळवंट बघू, असं डोरोथीच म्हणाली होती. इतकी वर्षं इथे काढली आणि वाळू बघितली ती बाल्कनी झाडताना! पण खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. लॅन्सीला उद्या ऑफिसात सांगायचं होतं, कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढवायचं की खलास करून वसईला परतायचं. घरी नुसतं ‘तू सांग’, ‘तूच सांग’ चाललं होतं. इथे वाळूत बसून घरून आणलेले तळलेले फुगे आणि मटणाचं इंद्याल खाऊन संपलं, डबे पुसून झाले, तरी विषय काही निघाला नाही.

“हे कुंपण मघाशी लागलं होतं ना रे?”

“वाळवंटात सगळी कुंपणं सारखीच.”

“आणि ही आडवी पडलेली लाल टाकी? तीपण सारखीच?”

लॅन्सीने गाडी पिकअपच्या आणखी जवळ नेली. ऊन उतरायला लागलं होतं. एवढ्यात पिकअप थांबला. पठाणी घातलेला एक दाढीवाला उतरून त्यांच्या खिडकीशी आला.

“साब, अब आप आगे चलो ना. रास्ता किधर है?”

“मतलब? हम तो तुम्हारे पीछे हैं!”

“मैं तो इधर नया हूँ. शीशे में देखा, आप आराम से पीछे आ रहे हो. सोचा, सही जा रहा हूँ. गलत होता तो आप मुड़ जाते ना?”

लॅन्सीने कपाळावर हात मारला. डोरोथीला हसू आवरेना. तो माणूस ओशाळला आणि रस्ता दिसतो का बघायला समोरच्या टेकाडावर चढू लागला.

हसता हसता डोरोथी एकदम थांबली.

“लॅन्सी, तुला खरंच इथे राहायचंय?”

“मला? राहायचंय तुला! तुझा चर्चचा क्वायर, तुझ्या मैत्रिणी...”

“मी कधी म्हटलं तसं?”

“वसईचं नाव काढलं की गप्प व्हायचीस.”

“रडू यायचं म्हणून गप्प व्हायचे. बावखलाच्या पाण्याकाठचं आपलं घर डोळ्यांसमोर यायचं.” तिने ओढणीने नाक पुसलं. “आणि तू रे? दर वेळी कॉन्ट्रॅक्ट वाढवून आलास की केक घेऊन यायचास. मला वाटायचं, किती खूश आहे हा माणूस.”

“तू खूश व्हावीस म्हणून आणायचो मी.”

दोघंही समोरच्या काचेकडे बघत राहिली. लॅन्सीला इतकं वाईट वाटलं की स्टीअरिंगवरचे हात काढून कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना.

“साब, मिल गया!” टेकाडावरून हाक आली. “हाइवे उस तरफ है. आप आगे चलो, मैं पीछे आता हूँ.”

लॅन्सीने गाडी सुरू केली. आरशात पिकअपचे दिवे लागले.

“उद्या केक आणू नकोस,” डोरोथी म्हणाली.

त्याने पाय ब्रेकवरच ठेवला. “हे तुझं म्हणणं आहे, की माझ्याकडे बघून बोलतेस?”

डोरोथीने तोंड पार खिडकीकडे फिरवलं.

“हे बघ, तुझ्याकडे बघतच नाहीये,” ती म्हणाली. “आणू नकोस.”