खुर्चीला पाय फुटलेत

"ह्या खुर्चीला पाय फुटलेत की काय! काल तिथं होती, आज इथं. रोज माझ्याच बोटाला लागायलीय."

झाडता झाडता अंगठा चोळत राजेश्री पुटपुटली. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू; पण मी तर तिच्या पायाशीच होते. मित्रांनो, ती खुर्ची म्हणजे मी. गंगाखेडच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधली जुनी खुर्ची. दोन्ही बाजूंना लोखंडी कमानी, मध्ये लाकडी बैठक, माणूस उठला की आपोआप मिटणारी. आता मी राणीसावरगावात दत्तराव आणि तानुबाई यांच्या घरी, पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर असते.

मी स्वतःहून कधीही हललेली नाही. मला कुणीतरी ओढतं. दोन-चार दिवसांआड, बोटभर, टीव्हीच्या दिशेने. कोण ओढतं ते त्यांच्या सुनेला, या राजेश्रीला, चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर ती माझ्यावर चिडते.

माझा जन्म परभणीतल्या एका लोखंडी सामानाच्या कारखान्यात झाला. भावंडांबरोबर ट्रकमधून मी गंगाखेडला आले आणि टॉकीजच्या फरशीत बोल्टने पक्की झाले. मला जागा मिळाली दाराजवळ, ओळीच्या टोकाला. कुणाला ती जागा नको असे, कारण येणारा-जाणारा माझ्या हाताला ठेचकाळून शिव्या देई. त्याच दारावर दत्तराव उभे असत. तिकीट फाडायचे आणि अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचे, हे त्यांचं काम. त्यांचं लग्न झालं आणि नवी नवरी बाजाराच्या दिवशी टॉकीजवर येऊ लागली. गेटकीपरची बायको म्हटल्यावर तिला माझ्याशिवाय कुठली जागा मिळणार?

मित्रांनो, माझ्यावर हजारो माणसं बसली असतील. सिनेमा पाहावा तर तानुबाईंनी. मला पडदा नीट दिसायचा नाही, समोरच्यांची डोकी दिसायची. मी सिनेमे पाहिले ते तानुबाईंच्या अंगातून.

देवाचा सिनेमा असला की त्या चपला काढून, पाय वर घेऊन बसत. बहिणीच्या सासुरवासाचा असला की पदर तोंडात आणि नख माझ्या उजव्या हातावर. माझा तिथला रंग त्यांनीच खरवडून काढला आहे. मारामारीत खलनायकाच्या वाट्याची लाथ पुढच्या खुर्चीला बसायची. त्या खुर्चीतला माणूस वळला की त्या निरागसपणे छताकडे बघत. प्रेमाचं गाणं लागलं की मात्र त्या पडद्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत. दत्तराव तेव्हा फारच कडक चेहरा करून 'बाहेर' लिहिलेल्या पाटीकडे बघत उभे राहत.

त्यांची खरी करामत पुढेच आहे. तानुबाई सगळ्यांच्या आधी हसायच्या. माणूस केळीच्या सालीवर घसरला की टॉकीज हसायचं. या साल दिसल्याबरोबर हसायच्या. भुताच्या सिनेमात कोपऱ्यातला पडदा जरासा हलला की यांचे पाय वर. किंकाळी नंतर यायची. शेजारच्या बाया पडद्याकडे न बघता यांच्याकडेच बघत, म्हणजे कधी घाबरायचं ते आधी कळे.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तो सिनेमा शेतात परत लागायचा. मी ते पाहिलेलं नाही, पण त्यांची मैत्रीण धम्मशीला अजून सांगते. ती तानुबाईंच्या शेजारची ओळ धरायची. "हिच्या तोंडून सिनेमा ऐकला की तिकीट काढायची गरज न्हाई पडायची," ती म्हणते. "आन् हीरोचा सदरा कोणत्या रंगाचा, ते बी सांगायची बया!"

मग लोकांनी टॉकीज सोडलं. पाऊस आत येऊ लागला, कबुतरं माझ्या पाठीवर संसार करू लागली. त्या वर्षांविषयी मी फार बोलत नाही. अंधार मात्र मला तेव्हाही भिववत नसे. टॉकीजमधला अंधार ओळखीचा असतो, मित्रांनो. त्याला मध्यंतर असतं. कितीही भयंकर भूत येवो, शेवटी दिवे लागतात आणि माणसं डोळे चोळत घरी जातात.

टॉकीज पाडायला काढलं तेव्हा दत्तरावांनी मला कापून सोडवलं, खाली दोन फळ्या ठोकल्या आणि जीपच्या टपावर बांधून घरी आणलं. "ह्ये काय आणलं!" म्हणत तानुबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग उजव्या हातावरची ती खरवडलेली जागा बोटाने चाचपून माझ्यावर बसल्या त्या दुपारभर उठल्या नाहीत. गल्लीतल्या बाया मला बघायला आल्या होत्या. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं कौतुक.

सगळं बरं चाललं होतं. मग तानुबाई उशिरा हसू लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, वय झालं. टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा लागला होता. साल पडली. मी तयार झाले. माझी बैठक आता हलणार! काहीच हललं नाही. माणूस धाडकन पडला, दत्तराव हसले, गल्लीतली पोरं हसली, आणि मग, सगळ्यांचं ऐकून, तानुबाई हसल्या.

पुढे एका रडक्या सिनेमात आई मुलाच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता मरते. संगीत नाही, शब्द नाही. फक्त हात थांबतो. खोलीत सगळ्यांनी नाकं ओढली. ज्या बाईने माझा रंग रडून खरवडला, तिचं नख माझ्या हातावर गप्प होतं. तिच्यासाठी ती आई अजून जिवंत होती.

भुताच्या सिनेमात आता घरात सगळे किंचाळत, आणि तानुबाई शांत. नायिकेच्या मागे काय उभं आहे ते त्यांना माहीतच नसे. आणि मला थंडी वाजायची.

घरात कुणी काही बोललं नाही. पण प्रत्येकाने काहीतरी केलं. दत्तरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ज्या माणसाने टॉकीजमध्ये बोलणाऱ्यांवर बॅटरी मारून त्यांना गप्प केलं, तोच आता सिनेमाभर बडबडू लागला: "आला बघ, घोड्यावर आला. हातात बंदूक हाय." मुलगा गोपाळ साखर कारखान्यातून सुट्टीला आला, त्याने उंबऱ्याला आणि पायरीला पांढरा पट्टा मारला. "चांगलं दिसायलंय," म्हणाला. आणि राजेश्रीने लेकीच्या पायातले वाळे बदलले. चिमी दीड वर्षाची. नाजूक वाळे काढून तिने भरघोस घुंगरांचे घातले. पोर हलली की सगळं घर वाजायचं.

"कशाला ग एवढे जड?" तानुबाईंनी विचारलं.

"फॅशन हाय आता, आत्याबाई," राजेश्री म्हणाली आणि सासूकडे न बघता डबा घेऊन शेताला गेली.

तिचंही चुकलं कसं म्हणू? ती कापसाला जायची ती चिमीला सासूच्या भरवशावर टाकून. एकदा ते बोललं, की तो भरवसा संपला. आणि तानुबाईंना तर वेगळीच भीती होती. त्यांच्या आईचे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी तिला भिंतीशी बसवलं, वेळेवर जेवायला दिलं, आणि पुन्हा कधी तिच्या मांडीवर लेकरू दिलं नाही. हे त्या एकदा धम्मशीलाला सांगत होत्या, माझ्यावर बसून. दिसत नाही म्हटलं की चिमी मांडीवरून गेली. म्हणून त्या बोलत नव्हत्या. मला पुढे ओढत होत्या, बोटभर, बोटभर. पडदा जवळ येत होता आणि अंधार काही हटत नव्हता. या अंधाराला मध्यंतर नव्हतं.

संक्रांत जवळ आली होती. दुपारची वेळ. दत्तराव दळण आणायला गेले होते. टीव्ही मोठ्याने चालू. नाच शिकणाऱ्या एका मुलीचा सिनेमा होता. तानुबाई माझ्यावर, आणि चिमी माझ्या पायाशी एका डब्याशी खेळत होती.

मग ती उठली आणि दाराबाहेर गेली.

माझी पाठ दाराला असते. पण आमचा टीव्ही जुना, फुगीर काचेचा. त्यात एखादा काळोखाचा प्रसंग आला की काचेत मागचं दार दिसतं, अंगण दिसतं, अंगणातला पाण्याचा हौद दिसतो. तानुबाई आता त्या काचेपासून हातभर अंतरावर होत्या.

"चिमे, हाईस का ग?" त्यांनी विचारलं.

सिनेमातली घुंगरं वाजली. छुम, छुम, छुम.

"हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि माझ्यावर मागे रेलल्या.

सिनेमात रात्र झाली. काच काळी झाली आणि तिच्यात अंगण उतरलं. हौदाजवळ पालथी बादली होती. चिमी बादलीवर चढली. तिने हौदाच्या कठड्यावर पोट टेकलं. तिचे पाय बादलीवरून सुटले. आत वाकलेलं तिचं डोकं दिसेनासं झालं, नुसते दोन पाय हवेत. हे सगळं पडद्यावर चाललं होतं, मित्रांनो, आणि जी बाई किंकाळीच्या आधी घाबरायची, ती समोर बसून मान डोलवत होती. खरी घुंगरं वाजत होती. खोटी जास्त जोरात वाजत होती. मी कुरकुरले. माझ्या अंगात होतं नव्हतं तेवढं कुरकुरले.

"गप ग," तानुबाईंनी माझा हात थोपटला.

तेवढ्यात काचेत एक निळं लुगडं धावत आलं.

धम्मशीलाने पोर उचलून आत आणली. चिमीचे केस ओले, नाकात पाणी. आधी खोकली, मग रडली. धम्मशीलाने टीव्ही बंद केला. खोलीत खरा आवाज तेवढा उरला. तानुबाईंनी आवाजाच्या दिशेने दोन्ही हात पुढे केले, आणि ते हात पोरीच्या बाजूला, रिकाम्या जागी थांबले.

धम्मशीलाने ते पाहिलं. तिने गल्लीतलं एक पोर शेतात राजेश्रीकडे पिटाळलं. राजेश्री शेतातून पळत आली, पाठोपाठ पिठाचा डबा घेऊन दत्तराव आले. चिमी आईच्या कडेवर गेली आणि मोठ्यांची बोलणी सुरू झाली.

"बादली कुणी पालथी घातली तिथं?" दत्तराव ओरडले.

"हौदाला झाकण करा म्हणून कवाधरनं सांगायलेय मी," राजेश्री म्हणाली.

"टीव्हीचा आवाजच लय मोठा होता," धम्मशीला खाली बघत म्हणाली.

"आन् ही खुर्ची!" दत्तराव माझ्याकडे वळले. "टीव्हीला पार चिकटलीय. हिच्यापायी दाराकडं ध्यान गेलं न्हाई. उद्या भंगारात देऊन टाकतो."

मित्रांनो, मी खुर्ची आहे. दोष घेणं मला जड नाही; माणसांचं वजन घेण्याचीच माझी रीत आहे. पण तुमच्या घरात एखादी वस्तू रोज थोडी थोडी जागा सोडू लागली, तर तिच्यावर चिडू नका. तिला कोण सरकवतंय ते बघा. आणि दिसलं, तर घुंगरं विकत आणू नका, पट्टे मारू नका, आवाज वाढवू नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा.

खोलीत कुणीच विचारलं नाही. दत्तरावांनी मला उचलायला हात घातला.

तानुबाई उठल्या नाहीत. त्यांचं बोट माझ्या उजव्या हातावर त्या खरवडलेल्या जागेवर येऊन थांबलं.

"खुर्चीला कशाला बोलायलाव," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई. दिवाळीपसून दिसत न्हाई."