बोटभर अंतर

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अप्पांच्या सुनेच्या हाताला मोठं नाव होतं. सुई कधी गेली आणि कधी निघाली, हे पेशंटला कळायचंही नाही. त्याच हातांची तिनं आठवडाभर धास्ती घेतली होती.

झालं असं की ती ओट्याशी भांडी विसळत असताना सासऱ्यांनी मागून येऊन तिचा खांदा करकचून धरला. अप्पांना हल्ली माणसं ओळखू येत नव्हती. ही कोण परकी बाई घरात शिरली, असं त्यांना वाटलं असावं. पण अकरा वर्षं कराटे केलेल्या अंगाला एवढा विचार कुठला सुचायला? डावा हात वार अडवायला, ब्लॉकला वर गेला, कंबर फिरली आणि उजवी मूठ सुटली. ती थांबली अप्पांच्या नाकापासून बोटभर अंतरावर. अप्पांनी दोनदा डोळ्यांची उघडझाप केली आणि विचारलं, "चहा झाला का?"

चहा झाला. तिचा कप मात्र ओट्यावरच निवला.

त्या दिवसापासून तिनं अप्पांच्या आंघोळीचं काम नवऱ्याच्या गळ्यात मारलं. जेवणाचं ताटही ती लांबूनच सरकवायची. नवऱ्याला कारण काय सांगणार? तुमच्या वडिलांचं नाक माझ्या हातून थोडक्यात वाचलं म्हणून? शेवटी शनिवारी काळा पट्टा पिशवीत घालून ती कराटेच्या सरांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेली. सर चाकाच्या तारा आवळत बसले होते.

"हा घ्या तुमचा पट्टा. मी क्लास सोडते," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी चाक फिरवून पाहिलं. "मूठ थांबली ना?"

"नशीब म्हणून थांबली!"

"नशीब कसलं डोंबलाचं! मारायला अकरा वर्षं कशाला लागतात गं? डोकं फिरलं की कोणीही मारतं. रोज दोनशे पंच घोटून घेतले ते नाकाशी थांबता यावं म्हणून. आपल्या कुठल्याही कात्यातला हालचालींचा क्रम बघ, पहिली हालचाल ब्लॉकची. ती काय शोभेला ठेवली आहे?"

"आणि पुढच्या वेळी नाही थांबली तर?"

"ते सांगायला मी काय ज्योतिषी आहे? पट्टा घेऊन जा. माझ्या पोटाला तो पुरायचा नाही."

तिला हसू आलं नाही. सरांना काय जातंय बोलायला, असं पुटपुटत ती घरी आली.

रविवारी नवऱ्याला अचानक कामावर बोलावलं, तेव्हा अप्पा न्हाणीघरात स्टुलावर बसलेले होते, अंगाला साबण लागलेला. आता दुसरं कोण होतं? तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि दारातूनच म्हणाली, "अप्पा, पाणी घालू?"

"तू कोण? बाहेर हो!" अप्पा ताडकन उठले आणि त्यांनी हातातला तांब्या तिच्यावर उगारला.

तिचा डावा हात आपसूक वर गेला. तांब्या खणकन बाजूला उडाला. कंबर फिरली, उजवा हात सुटला. नेमका त्याच क्षणी फेसावरून अप्पांचा पाय घसरला.

हात पोचला, पण मूठ उघडून. अप्पांच्या काखेत तो घट्ट रुतला आणि त्यांचं सगळं वजन तिनं गुडघे वाकवून पेललं.

"सोड मला!" अप्पा ओरडले. मग त्यांनी खालच्या ओल्या फरशीकडे पाहिलं. "नको, नको. धरून ठेव."

"धरलंय, अप्पा."

"घट्ट?"

"घट्ट," ती म्हणाली, आणि आठवडाभरानंतर पहिल्यांदा तिनं छाती भरून श्वास घेतला.