वाटणीनंतरचं नेट

चऱ्होलीतल्या घराची वाटणी झाली आणि धाकटा कुलदीप बायकोमुलांना घेऊन सांगवीला राहायला गेला. जाताना इंटरनेटचा डबाही त्यानं नेला. कनेक्शन त्याच्याच नावावर होतं. थोरला शेखर काही बोलला नाही. त्या दिवसांत तो कशालाच काही बोलत नव्हता. चाकणला शिफ्ट करायची, घरी येऊन जेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढंच.

शेखरच्या घरी नवं कनेक्शन आलं. मोबाइलवर नेट चालू झालं, पण कॉम्प्युटरवर काही येईना. त्याची बायको प्राजक्ता शिक्षिका होती आणि सहावीच्या मुलांचा तिचा ऑनलाइन क्लास थोड्याच वेळात सुरू व्हायचा होता. नेटवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "लाइन ठीक आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्येच कुणीतरी काहीतरी सेट करून ठेवलंय."

"भावजींना विचारा की," प्राजक्ता म्हणाली. "त्यांनीच केलंय ते सगळं."

वाटणीच्या सह्या झाल्यापासून दोघं भाऊ बोलले नव्हते. शेखरनं फोन लावला.

"बोल," कुलदीप म्हणाला.

"कॉम्प्युटरला नेट येईना."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता.

"व्हय. मी त्याला एक नंबर कायमचा लावून ठेवलाय. गोठ्यावरचे कॅमेरे त्यावरनं मला कंपनीतनं दिसावेत म्हणून. नव्या डब्याला तो चालायचा न्हाई. सेटिंग उघड. नेटवर्कमध्ये जा."

शेखर उभ्याउभ्याच माउस हलवत राहिला.

"आयपी असाइनमेंट, म्हंजे त्या नंबरापुढं काय लिवलंय?"

"मॅन्युअल."

"एडिट दाब आन् ऑटोमॅटिक कर. मग डबाच त्याला नंबर देतो. आपण काय भरायचं न्हाई."

चौकटीत कुलदीपनं भरलेले आकडे होते. शेखरनं ऑटोमॅटिक निवडलं तसे ते गेले. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही. त्यानं सेव्ह केलं.

"आलं?"

"आलं."

"कॅमेरे हायेत का अजून?"

"गोठा पाडला. जागा घेतलेल्या बिल्डरनं भोवती पत्रे मारलेत."

"आन् म्हशी?"

"शेजारच्या दौलतरावांना दिल्या."

"बरं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. मग कुलदीप म्हणाला, "वहिनीला सांग, परत काय अडलं तर मला फोन करायला."

"सांगतो."

फोन बंद झाला. प्राजक्ता खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली.

"काय म्हणाले भावजी?"

"काय न्हाई. अडलं तर तुला त्याला फोन करायला सांगितलंय."

"मला? आणि तुम्हाला?"

शेखर स्वयंपाकघरात गेला आणि ताट वाढून घेऊन जेवायला बसला. भाजी अळणी होती. हे त्याला निम्मं जेवण झाल्यावर कळलं, तरी मीठ घ्यायला तो उठला नाही. बाहेरच्या खोलीत प्राजक्ता मुलांची हजेरी घेत होती.