धुराड्याचं तोंड

रावेतच्या साहेबाचं शेतघर मी बांधलं, तेव्हा त्याची अक्कल चरायला गेली आहे असं मला वाटलं होतं. विलायतेतल्या आपल्या घराची तसबीर पुढ्यात ठेवून त्यानं सगळं करून घेतलं. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, चुन्याचं सपाट छत, फट न राहणाऱ्या काचेच्या खिडक्या आणि निजायच्या खोलीत भिंतीतली चूल, वर धुराडं. आपल्या उन्हात शेकायला चूल!

सत्तेचाळीसला साहेब विलायतेला परत गेला. नव्या मालकानं राखणीला मला आणि माझ्या बायकोला, यशोदाला, तिथं ठेवलं. धुराड्यातून पाऊस यायचा, वटवाघळं यायची. मी वर चढून त्याच्या तोंडावर फरशी बसवली, चुन्यानं सांधली. काम चोख केलं. गवंडीकामात मी कधी कसूर केली नाही.

त्रेपन्नच्या पौषात कुसुम, आमची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. रीतीप्रमाणे अंबूबाई सुइणीनं बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, वारं लागू नये म्हणून दारंखिडक्या लावल्या. गावातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय, कारण तिथं कौलांतून धूर, वाफ सगळं बाहेर जातं. दहाव्या दिवशी यशोदा आणि अंबूबाई बाळाला न्हाऊ घालायला स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा कुसुम गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांनी घात केला. गावानं अंबूबाईला धरलं. तिला बाळंतपणाला कुणी बोलवेना. मी गप्प बसलो. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. दोन वेळा जेवण जात होतं, त्याचीच लाज वाटायची.

महिन्यानं मी अंबूबाईच्या दारात जाऊन सांगितलं, धुराडं मी बुजवलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. "ठाव हाय," ती म्हणाली. "पोर गेल्याच्या दुसऱ्या दिशी चुलीत वाकून वर बघितलं मी. उजेड दिसला न्हाई."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"यशोदीला तुझ्यासंगंच नांदायचं हाय."

घरी आलो. यशोदानं ताट वाढलं. मी घास न मोडताच तिला फरशीचं सांगितलं. सकाळी चावडीवर जाऊन चारचौघांत बोलणार आहे, असंही सांगितलं. ती मांडीवरच्या बाळाला थोपटत राहिली.

"मी बी येते," ती म्हणाली. "शिडी मीच धरली व्हती."