पाठांतराचा गुन्हा

नीलांबरीने फोन करून सांगितलं, "शैलजा, मंडळात पाच मिनिटं बोल. कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्या आपल्या लोकांना चार हिताच्या गोष्टी सांग. वेळेवर जा, प्लॅनर ठेवा, प्रोफेसरला भेटत जा, असं काहीतरी. आणि पॉझिटिव्ह बोल हं, तुझं तोंड जरा..." पुढचं तिने गिळलं.

तर मंडळी, वेळेवर जा, प्लॅनर ठेवा, प्रोफेसरला भेटत जा. झाल्या हिताच्या गोष्टी. आता माझं ऐका. आमची राधिका म्हणत होती, "आई, प्लीज, इंग्लिशमध्ये बोल." मी मराठीतच बोलणार. ज्याला कळणार नाही त्याने शेजारच्याला विचारावं.

ही तीच नीलांबरी, जिने दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत, मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "त्या कॉलेजात जातेस? अगं, तिथे कोणालाही घेतात." मी म्हटलं, "म्हणूनच तर जाते. मला दुसरीकडे कोणी घेत नव्हतं." लोक हसले. मी काही विनोद केला नव्हता. आज तिची रुही त्याच कॉलेजात जाते आहे, आणि नीलांबरी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली आहे. अगं, मान वर कर. पोरीने काही चोरी केलेली नाही. चोरीचा आळ माझ्यावर आला होता, आणि तोच सांगायला मी उभी आहे.

मी नागपूरची, महाल भागात वाढलेली. माझे बाबा शाळेत मास्तर. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बुटातून, बाहीतून, कंपासपेटीच्या तळातून चिठ्ठ्या काढायचे. कॉपी करणारा आमच्या घरी चोरच. आणि आम्हा भावंडांना नियम एकच होता: धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि बाबांसमोर उभं राहून शब्दन् शब्द म्हणायचा. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत मी बी.ए.ला युनिव्हर्सिटीत दुसरी आले. माझा फोटो पेपरात आला होता. मग लग्न झालं आणि तो पेपर माळ्यावर गेला.

पुढे मोरेश्वरांना एच-वन व्हिसा मिळाला आणि आम्ही इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आलो. त्यांचं नाव कंपनीच्या कागदावर इंजिनिअर. माझं नाव व्हिसाच्या भाषेत डिपेंडंट. म्हणजे अवलंबून. नोकरी करायची नाही, पगार घ्यायचा नाही. पण शिकता येतं. हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही लायब्ररीतल्या एका बाईकडून. आपल्यापैकी कोणी सांगितलं नाही. बाई घरात बसली आहे ना, बसू दे, एवढाच विचार सगळ्यांचा.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी वर्गात जाऊन बसले. बेचाळीस वर्षांची घोडी आणि आजूबाजूला उलट्या टोप्या घातलेली पोरं. विषय समाजशास्त्र. प्रोफेसर हॅन्सन आत आल्या तशी मी ताडकन उभी राहिले. एकटीच. त्यांना वाटलं, मी चुकीच्या वर्गात आले म्हणून निघाले आहे. असो. पहिल्या परीक्षेत कुटुंबावरच्या प्रकरणावर प्रश्न आला: कुटुंबात कोण कोणावर अवलंबून असतं, याची चर्चा करा. मला मनातून गुदगुल्या झाल्या. ते प्रकरण मी पोळ्या लाटता लाटता, कपड्यांच्या घड्या घालता घालता पार घोटून ठेवलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून काढलं आणि ऐटीत बाहेर पडले.

पेपर परत आला तेव्हा वर शून्य होतं. खाली लिहिलेलं, येऊन भेटा.

भेटले. हॅन्सनबाईंच्या टेबलावर माझा पेपर आणि शेजारी पुस्तक उघडं. त्या म्हणाल्या, "हे पुस्तकातलं आहे."

"येस," मी म्हटलं.

"वर्ड फॉर वर्ड?"

"येस मॅडम, वर्ड फॉर वर्ड," मी अभिमानाने म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंना कौतुक वाटलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, कौतुक वाटायलाच हवं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कॉपी केलीत हे तुम्हाला मान्य आहे."

कॉपी. मास्तरांच्या मुलीला. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की काय सांगू. इंग्रजी तर पळालंच, मराठीही सुचेना. मी फक्त मान हलवत राहिले, आणि त्यांनी पुढचं सगळं शांतपणे समजावून सांगितलं. डीनसमोर सुनावणी होईल. आळ खरा ठरला तर विषयात नापास, आणि रेकॉर्डवर कायमचा शेरा. त्याआधी मी आपणहून विषयातून नाव काढून घेतलं, तर काहीही नाही. प्रकरण तिथेच बंद.

घरी मोरेश्वर म्हणाले, "नाव काढून घे. विषय संपला. ग्रीन कार्डची फाइल चालू आहे, उगाच कुठे काही लागलं तर सगळंच बोंबलेल."

"मी चोरी केलेली नाही."

"मला माहीत आहे. पण हे त्यांना कोण पटवणार? तुला करायचं काय आहे त्या डिग्रीचं?"

राधिका लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट ड्रॉप इट. नोबडी केअर्स."

"मला आहे केअर," मी म्हटलं. "नाव काढलं की चोरी कबूल केल्यासारखं होईल. मी मेले तरी नाव काढणार नाही." त्या रात्री मी कोणाशी बोलले नाही. भांडी मात्र सगळ्यांना ऐकू जातील अशी घासली.

सुनावणीच्या दिवशी मोरेश्वरांनी अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि मला गाडीने नेलं. गाडी मलाही येते. लायसन्स आहे. पण आम्ही दोघं गाडीत असलो की स्टिअरिंग त्यांच्याकडे, हे ठरलेलं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. पार्किंगमध्ये गाडी लावून ते म्हणाले, "मी इथेच थांबतो. वाद घालत बसू नकोस. नाव काढ आणि ये."

आत डीन होते, टकलावर हात फिरवणारे एक सभ्य गृहस्थ, आणि हॅन्सनबाई. डीननी पुन्हा तोच सल्ला दिला, अगदी गोड आवाजात. नाव काढून घ्या, कोणालाही कळणार नाही. मी म्हटलं, "पुस्तक उघडा. त्या प्रकरणातलं कुठलंही पान काढा. पहिली ओळ तुम्ही वाचा."

ते हॅन्सनबाईंकडे बघायला लागले. मी म्हटलं, "उघडा तर खरं."

त्यांनी मधलंच एक पान काढलं आणि पहिली ओळ वाचली. पुढची मी धरली. उभी राहून, हात मागे बांधून, जशी बाबांसमोर म्हणायची तशी. माझे उच्चार अगदी महालातले, पण शब्द एकही चुकला नाही. पान संपलं, मी थांबले नाही. पुढच्या पानावर फोटो होता, त्याच्याखालची ओळही म्हटली. डीननी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुरे. या बाईंनी कॉपी केलेली नाही."

जिंकले, असं वाटलं मला. पर्स उचलली. तेवढ्यात हॅन्सनबाई म्हणाल्या, "माझा विश्वास बसला. मी वापरलेला शब्द चुकीचा होता, त्याबद्दल सॉरी. पण शून्य तसंच राहील."

"का म्हणून?"

"पुस्तक लिहिणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत आहे. चर्चा करा म्हणून मी तुम्हाला काय वाटतं ते विचारलं होतं. त्याचं उत्तर पेपरात कुठेच नाही."

खरं सांगते, चोर म्हटल्यावर आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. आणि राग आला की माझं इंग्रजी सुधारतं. मी म्हटलं, "बाई, बेचाळीस वर्षांत मला हे कोणीही विचारलेलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही. लग्नात तर नाहीच. इथे यायचं ठरलं तेव्हाही नाही. आजवर मला फक्त पाठ आहे का, एवढंच विचारलं. मी पाठ केलं. आता तुम्ही उठून एक नवाच प्रश्न विचारता, आणि उत्तर तयार नाही म्हणून शून्य देता?"

मग हॅन्सनबाई म्हणाल्या, "मग आता विचारते."

डीन म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा देता येईल, तयारीला वेळही मिळेल. किंवा नाव काढण्याचा मार्ग अजून मोकळा आहे.

"पुढच्या आठवड्यात कशाला?" मी म्हटलं. "आत्ता कागद द्या. वेळ दिलात तर मी पुन्हा पाठ करून येईन."

शेजारच्या खोलीत मला बसवलं. प्रश्न तोच, कोण कोणावर अवलंबून असतं. पहिला बराच वेळ पुस्तकातलीच वाक्यं डोक्यात येत होती, माश्यांसारखी. एकेक हाकलली. मग लिहिलं, की सरकारी कागदावर मी डिपेंडंट आहे. पण मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने त्यांना बेंचवर बसवलं, म्हणजे काम नाही, आणि नवं काम मिळेपर्यंत व्हिसाचंही काही खरं नाही. ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे. जेवायचे नाहीत, झोपायचे नाहीत, मुलीशी बोलायचे नाहीत. नागपूरला फोनवर सगळं उत्तम आहे असं मी सांगत होते. मुलीला बाबांना बरं नाही असं मी सांगत होते. त्यांना हाताला धरून तळ्याभोवती चालवून आणत होते, घास पुढे करत होते, आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी समोर बसून प्रश्न विचारत होते. त्या दिवसांत कोण कोणावर अवलंबून होतं, हे बघायला व्हिसा ऑफिसातून कोणी आलं नाही. स्पेलिंगच्या चुका झाल्या. क्रियापदं कशीही पडली. लिहिताना रडू आलं, ते पुसलं आणि लिहीत राहिले.

हॅन्सनबाईंनी तिथेच वाचलं. लाल पेनाने अर्धा कागद रंगवला आणि वर लिहिलं, बी मायनस. युनिव्हर्सिटीत दुसरी आलेल्या बाईला बी मायनस. पण माझा होता तो, अख्खा माझा. बाई म्हणाल्या, "गुरुवारी वर्गात भेटू."

गाडीत मोरेश्वर इंजिन चालू ठेवूनच बसले होते. "झालं? काढलं नाव?"

"नाही. पेपर लिहून आले. पास झाले."

"कशावर लिहिलंस?"

सांगितलं. बेंच, इस्त्रीचा शर्ट, सगळं. त्यांचा चेहरा उतरला. "हे तू बाहेरच्या माणसांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं होतं. तुम्ही कधी विचारलं नाही."

"मी तुझ्यावर अवलंबून होतो, असं लिहिलंस?"

"नव्हता का?"

मी उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि दार उघडलं. म्हटलं, "उतरा. घरी मी नेते." वाटलं होतं, भांडतील. नाही भांडले. उतरले, दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि पट्टा लावला. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मी हायवेची एक्झिट चुकले, तरी नाही.

नीलांबरी, घड्याळ दाखवू नकोस, संपवतेच आहे. रुही, मी अजून तिथे शिकतेच आहे, तू सोमवारी पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बस. कोणी विचारलं कुठल्या कॉलेजात जातेस, तर नाव मोठ्याने सांग.

मोरेश्वर तिथे मागे दाराशी उभे आहेत, निळ्या शर्टात. वळून बघू नका, लाजतील. काल मी त्यांना विचारलं, "अहो, उद्या मंडळात बोलायचं आहे. बेंचचं सगळ्यांसमोर सांगू का?" त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला वाटलं, सांगावं.