हिरव्या कोटाची चिठ्ठी

टेलरबाईंना गोष्ट झटकन सुचायची, घाम फुटायचा तो माणसांची नावं ठेवताना. ओळखीतलं नाव घ्यावं तर शेजारपाजार रुसतो. मनाने रचावं तर ते त्या माणसाला नव्या बुटासारखं चावतं. शेवटी त्यांनी एक सोय काढली. दुकानात दोन-दोन वर्षं कोणी न्यायला न आलेले कपडे लटकत असत, प्रत्येकाला टाचणीने लावलेली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. ती चिठ्ठी काढून टेलरबाई बिस्किटांच्या डब्यात टाकत आणि गोष्टीतल्या माणसांना त्यातली नावं देत. कपडा विसरला त्याचा नावावरचाही हक्क गेला, असं त्यांचं सरळ म्हणणं.

"एका नावाला अर्धा दिवस लागतो तुम्हाला, वहिनी," काजं करता करता नणंद म्हणायची. "तेवढ्यात मी दोन लग्नं जमवली असती."

गेल्या महिन्यात त्यांच्या दोन भागांच्या गोष्टीचा पहिला भाग मासिकात आला. बायकोला खोलीत घालून बाहेरून कडी लावणारा नवरा, आणि एका सकाळी उघडं दार, रिकामा पलंग. नवऱ्याला नाव मिळालं होतं एका हिरव्या कोटाच्या चिठ्ठीवरून. कोट बायकी, बाह्या आखूड करायला टाकलेला, पण चिठ्ठीवर नाव पुरुषाचं. टेलरबाई लिहीत टोपणनावाने आणि मासिकाला पत्ता देत दुकानाचा.

मंगळवारी अकराच्या सुमारास एक गृहस्थ आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ते मासिक, बोट नेमकं त्या पानात.

"या लेखिकेची पत्रं इथे येतात ना? मासिकवाल्यांनी हाच पत्ता दिला."

"येतात. का हो?"

"ती माझी बायको आहे. घर सोडून अडीच वर्षं झाली, आणि आता माझं नाव छापतेय. पत्रं न्यायला कधी येते तेवढं सांगा. मी बसतो. मला घाई नाही."

आणि तो खरंच स्टूल ओढून बसला. मागे नणंदेची सुई थांबली.

टेलरबाईंनी मनात हिशेब केला. गप्प राहावं तर हा रोज येऊन बसणार, त्या बाईचा माग काढत सुटणार. बोलावं तर बला आपल्याच दाराशी येणार.

"ती गोष्ट मी लिहिलीय," त्या म्हणाल्या.

त्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? तुम्ही तर पायजमे शिवता."

इतक्या भीतीतही टेलरबाईंना ते लागलं. त्यांनी डबा उपडा केला, चिठ्ठी शोधून त्याच्यापुढे ठेवली, खुंटीवरचा कोटही आणून दिला. त्याने चिठ्ठी वाचली.

"बरं. नाव इथून घेतलंत. आणि खालची कडी?"

"कुठली?"

"दाराला दोन कड्या लिहिल्यात तुम्ही. एक वर, एक जमिनीलगत. खालची मी माझ्या हाताने बसवली होती. आमच्याकडे कोणी येत-जात नव्हतं, बाई."

लिहिताना त्यांना एक कडी अपुरी वाटली होती, म्हणून दुसरी लावली होती. बस, एवढंच.

"मनाने लिहिलं हो."

"मनाने." तो हसला. "मग तुमच्या मनाने ती पुढच्या भागात कुठे जाते?"

मशीनच्या खणात पुढच्या भागाची वही होती. त्यात ती बंदराच्या गावी, मैत्रिणीच्या बेकरीवरच्या माडीत राहत होती. कडी खरी निघाली, तर माडी का नाही निघणार?

"लांब," जिभेवर आलं ते त्यांनी सांगून टाकलं. "नदीपलीकडे. मावशीकडे. मावशीचा रोपांचा धंदा असतो."

खूप वेळ त्याने हातातल्या कोटाचं एक बटण चाचपलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला. "बघा, मावशी माझ्या डोक्यातच आली नाही."

त्याने उठून कोटाची नीट घडी केली. "बाह्या झाल्यात ना? तिला थंडी फार वाजते." दार लावताना आवाज होणार नाही, याचीसुद्धा त्याने काळजी घेतली.

नणंद हातातलं काम टाकून पुढे आली.

"वहिनी, तिला मावशी आहे?"

"मला काय माहीत गं. मी आपलं ठोकून दिलं."

"कडीही ठोकूनच दिली होती ना?"

टेलरबाईंनी पोलीस चौकीला फोन लावला. पलीकडच्या हवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या माणसाचं नाव त्यांनी एका दमात सांगितलं, महिनाभर त्यांनी ते तोंडात घोळवलं होतं.

"ठीक. आणि धोका कोणाला आहे म्हणता? त्या बाईंचं नाव सांगा, म्हणजे शोधता येईल."

त्यांनी मागे राहिलेली चिठ्ठी उलटसुलट पाहिली. वर त्याचं नाव, खाली त्याचा फोन नंबर. त्या बाईचं म्हणून एकच ओळ होती, त्यांच्याच अक्षरात: बाही एकवीस इंच.

"हॅलो," हवालदार म्हणाला. "नाव काय बाईंचं?"